चर्चगेट ते मालाड, पुस्तकांच्या कडेकडेने

अमेरिकन प्रेमकथांमधल्या माणसांचा मला एका बाबतीत फार हेवा वाटतो. डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा लागला की त्यांच्यातल्या कोणालाच ऑफिस नसतं, सबमिशन नसतं, दाढ दुखत नाही आणि गावाहून कोणी उतरायला येत नाही. बर्फ पडतो तोसुद्धा नायिकेच्या टोपीवर बेताने पडतो, त्याचा चिखल होत नाही. दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी, झाडांना दिवे लावलेले, कोपऱ्यात चार पोरं ख्रिसमसची गाणी म्हणताहेत. एवढी सगळी जमवाजमव झाल्यावर कोणी प्रेमात पडलंच नाही तर तो आयोजकांचा अपमान ठरेल.

पूर्वी या सुट्टीतल्या प्रेमाला कुठलीही जागा चालायची. 1940 साली ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ आला तेव्हा ते दुकान होतं बुडापेस्टमधलं, पर्सा-पाकिटांचं. तीच गोष्ट 1998 मध्ये ‘यू हॅव गॉट मेल’ म्हणून परत सांगितली तेव्हा पाकिटं गेली आणि पुस्तकं आली. नायिकेचं लहान मुलांच्या पुस्तकांचं टुमदार दुकान नायकाच्या अगडबंब दुकानापायी बंद पडतं आणि तरी ती त्याच्याच प्रेमात पडते. आमच्या आळीत असं झालं असतं तर तीन पिढ्या एकमेकांच्या लग्नामुंजींना गेल्या नसत्या. त्याच्या आधी, 1989 मध्ये, ‘व्हेन हॅरी मेट सॅली’त हॅरी सॅलीकडे टक लावून बघत होता तो व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांआडून. 1999 मध्ये ‘नॉटिंग हिल’मधल्या ह्यू ग्रांटच्या प्रवासाच्या पुस्तकांच्या दुकानात ज्युलिया रॉबर्ट्स शिरली. 2001 च्या ‘सेरेंडिपिटी’त तर नायिका मार्केझच्या कादंबरीत आपला फोन नंबर लिहिते, ती प्रत जुन्या पुस्तकवाल्याला विकून टाकते आणि नायक वर्षानुवर्षं ती शोधत फिरतो. त्याने आपल्या मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर विचारलं असतं तर विक्रेत्याने दहा मिनिटांत काढून दिली असती. वर म्हणाला असता, “आत नंबर लिहिलाय, वीस रुपये जास्त पडतील.”

पुस्तकांचं दुकानच का, याचं उत्तर मला फार दिवस वाटायचं की पुस्तकं वाचणारी माणसं हळवी असतात. पुस्तकं वाचणारी बरीच माणसं जवळून बघितल्यावर ते मत मी सोडून दिलं. खरं कारण रोकडं आहे. शहरात काहीही न विकत घेता दोन तास उभं राहता येईल अशा जागा फार थोड्या. बागेत वॉचमन शिट्टी मारतो. हॉटेलात पोऱ्या तिसऱ्यांदा फडकं मारायला आला की समजायचं. कपड्यांच्या दुकानात “मॅडम, साइज?” पाठ सोडत नाही. पुस्तकांच्या दुकानात मात्र माणूस एकाच कपाटासमोर अर्धा तास उभा राहिला तर त्याला विचारवंत समजतात. प्रेमात पडायला एवढा अवधी पुरतो.

आपल्याकडची बरीच दुकानं मात्र या कामाला निरुपयोगी. मध्ये काउंटर, पुस्तकं पलीकडे. आत शिरल्या शिरल्या “काय हवंय?” या प्रश्नाला ‘ते अजून ठरायचंय, बहुधा ती मुलगी’ असं उत्तर देता येत नाही. पुस्तकाचं नाव सांगायचं, मग गृहस्थ मान वर करून माळ्याकडे बघत कुणालातरी हाक मारणार, वरून आवाज येणार, “संपलंय!” संपलेल्या पुस्तकावर कोणाची प्रेमकथा उभी राहणार?

या दुकानी प्रेमाचा अगदी अर्क काढलेला नमुना म्हणजे ‘डॅश अँड लिली’. मुळात ही 2010 सालची कुमारवयीन वाचकांसाठीची कादंबरी. लेखक दोन, रेचल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन. त्याने डॅशचं प्रकरण लिहायचं, तिने लिलीचं, असं आळीपाळीने. 2020 च्या नोव्हेंबरात नेटफ्लिक्सवर तिची आठ भागांची मालिका आली. तरुण मंडळींसाठी आहे, हे ठाऊक असूनही मी ती पुरती बघितली, आणि एक भाग तर भाजी फोडणीला टाकून बघितला. भाजीचं काय झालं ते इथे अप्रस्तुत आहे.

गोष्ट अशी. न्यूयॉर्क. ख्रिसमस तोंडावर आलेला. डॅश हा ख्रिसमसला वैतागलेला, शब्दांवर जीव असलेला, सतरा वर्षांचं वय आणि सत्तर वर्षांची किरकिर असलेला मुलगा. ‘स्ट्रँड’ नावाच्या पुस्तकांच्या दुकानात त्याला सॅलिंजरच्या पुस्तकांशेजारी एक लाल वही सापडते. वहीत कोडी. अमुक पुस्तकाचं तमुक पान उघड, त्यातला इतकावा शब्द घे. पहिलंच पुस्तक फ्रेंच पियानोवादनावरचं. लिहिणारी लिली, जिला ख्रिसमस जिवापाड आवडतो. मग दोघं एकमेकांना न भेटता त्या वहीतून आव्हानं देत सुटतात आणि शहरभर वही फिरत राहते.

सॅलिंजरशेजारी म्हणजे ‘एस’च्या फळीवर. तिथली पुस्तकं लेखकाच्या आडनावाने लावलेली असतात म्हणून हे जमलं. आपल्याकडे कित्येक दुकानांत ती प्रकाशकाप्रमाणे लावतात, त्यामुळे नायकाला आधी ते पुस्तक कोणी काढलंय याचा अभ्यास करावा लागेल. आणि वही सापडलीच तर ती पुस्तकं आवरायला येणाऱ्या नोकराला सापडेल. तो दोन पानं फाडून, मागे पेन्सिलीने किंमत टाकून ती विकायला ठेवेल.

या मालिकेतल्या मुलांकडे मात्र जरा निवांत बघायला हवं. लिलीचे आजोबा जपानी. हे कादंबरीत नव्हतं, मालिकेने घातलं. लिलीचं काम करणारी मिडोरी फ्रान्सिसही जपानी-अमेरिकन. थोरला भाऊ लँगस्टन समलिंगी, आणि घरात त्याचं कोणालाही काही वाटत नाही. मुळात ही वहीची शक्कल त्याचीच, कारण बहीण एकटी बसून राहते याची त्याला चिंता. डॅशचा जिवलग मित्र बूमर कृष्णवर्णीय, पिझ्झाच्या दुकानात काम करणारा आणि सगळ्या मालिकेत एकटाच शहाणा. डॅश लिलीला पाठवतो तळघरातल्या पंक संगीताच्या मैफलीत, तीही ज्यूंच्या हनुकाची. लिली डॅशला पाठवते जपानी बायकांमध्ये मोची करायला. तांदळाचे ते चिकट गोळे वळताना डॅशचे जे हाल होतात ते बघून मला भलतंच समाधान लाभलं. पहिल्यांदा उकडीचे मोदक वळायला बसवलेल्या प्रत्येक जावयाच्या चेहऱ्यावर मी तेच भाव बघितलेत. आणि त्या बायकांनी त्याच्याकडे टाकलेली नजरही ओळखीची निघाली. तिला व्हिसा लागत नाही.

काहींना ही सगळी भरती हिशेब करून केलेली वाटते. असेलही. प्रत्येक खंडातून एक, असं कोणी यादी घेऊन बसलं असेल. पण मग आमच्या मालिकांतली भरती कुठे बिनहिशेबी असते? तिथे वैविध्य म्हणजे घाऱ्या डोळ्यांची थोरली सून आणि काळ्या डोळ्यांची धाकटी. जात कोणी विचारत नाही हे खरं, पण ती विचारावी लागत नाही, आडनाव पहिल्याच भागात दारावरच्या पाटीवर येऊन जातं. त्यापेक्षा जपानी आजोबा परवडले. निदान त्यांचं रागावणं समजून घ्यायला खाली अक्षरं येतात.

आईवडिलांची विल्हेवाट हा मात्र अमेरिकन लेखकांचा हातखंडा. लिलीचे आईवडील सुट्टीवर दूर. डॅशचे घटस्फोटित. त्याने आईला सांगितलंय, बाबांकडे राहतो. बाबांना सांगितलंय, आईकडे. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे पोरगं पंधरा दिवस मोकळं. हा डाव मराठी घरात दोन तास टिकणार नाही. आईवडील एकमेकांशी बोलत नसतील तर उलट जास्त बोलतात, मावशीमार्फत. शिवाय समोरच्या काकूंना दूधवाल्याकडून कळलेलं असतं की आज अर्धा लिटरच घेतलं.

पण या सगळ्या तरुण मंडळींपेक्षा माझा जीव जडला तो दुकानावर. स्ट्रँड खरंच आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, लाल कापडी छतवाल्या दारांचं, बाहेर फुटपाथवर स्वस्त पुस्तकांच्या गाड्या लावलेलं. बेंजामिन बास नावाच्या लिथुएनियातून आलेल्या माणसाने ते 1927 मध्ये सुरू केलं. तीनशे डॉलर स्वतःचे, तीनशे मित्राकडून उसने. सुरुवातीला दुकानातच खाटेवर झोपायचा. नाव दिलं लंडनच्या एका रस्त्याचं. तेव्हा ते फोर्थ अव्हेन्यूवर होतं आणि त्या पट्ट्यात ओळीने पुस्तकांची 48 दुकानं होती. त्यातलं आज हे एकटं शिल्लक.

का शिल्लक, तर बासच्या मुलाने, फ्रेडने, 1996 मध्ये 82 लाख डॉलर मोजून ती इमारतच विकत घेतली म्हणून. या एका व्यवहारात जेवढं शहाणपण आहे तेवढं त्या दुकानातल्या सगळ्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत मिळून नसेल. बाकीच्या 47 जणांनी पुस्तकांवर प्रेम केलं, फ्रेडने पुस्तकांवर केलं आणि भिंतींवरही केलं. पुढे 2019 मध्ये शहराने त्या इमारतीला वारसा वास्तूचा दर्जा दिला तेव्हा फ्रेडची मुलगी नॅन्सी जोरात भांडली, नको म्हणून. खर्च वाढतो, खिडकी बदलायची तरी परवानगी लागते. सन्मान नको, डागडुजी करू द्या, हे गाऱ्हाणं दादर-गिरगावातल्या कुठल्याही घरमालकाला मुखोद्गत असेल.

दुकानाची जाहिरात पुस्तकांच्या लांबीची असते. अठरा मैल पुस्तकं. एकापुढे एक उभी केली तर. म्हणजे 29 किलोमीटर. चर्चगेटपासून रुळांच्या कडेने पुस्तकं लावत गेलात तर गोरेगाव मागे टाकून मालाडपर्यंत पोचाल. आता ते तेवीस मैल म्हणतात, म्हणजे दहिसरही आलं. या गतीने विरार गाठायला फार वेळ लागू नये, फक्त तिथे उतरायला मिळणार नाही.

आणि जिथे पुस्तकं मैलाने मोजतात तिथे ती फुटानेही विकतात. हा विनोद नाही. स्ट्रँडमध्ये फुटाच्या भावाने पुस्तकं मिळण्याची रीतसर सोय आहे. सिनेमाचा सेट, हॉटेलची लॉबी, श्रीमंतांची दिवाणखान्यातली कपाटं यांच्यासाठी. रंग सांगायचा. चार फूट निळी, तीन फूट चामडी बांधणीतली. आपल्याकडे साहित्याची खोली मोजणारे समीक्षक रग्गड झाले, रुंदी मोजणारा कोणी झाला नाही. माझ्या ओळखीत दोन घरं अशी आहेत की त्यांना ही सोय कळली तर ती पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन न्यूयॉर्कला जातील.

पण उगाच हसायला नको, कारण हेच दुकान नोकरीला माणूस घेताना त्याची परीक्षाही घेतं. फ्रेड बासने सुरू केलेला प्रघात. एका बाजूला दहा लेखक, दुसऱ्या बाजूला दहा पुस्तकं, जोड्या जुळवा. त्यात एक जोडी मुद्दाम चुकीची घातलेली, जुळतच नाही. ही परीक्षा खरं तर लग्नाच्या बाजारात आणली पाहिजे. आमच्या स्थळांच्या फॉर्मवर उंची, गोत्र, पगार आणि ‘स्वभाव: मनमिळाऊ’ असतं. दहातली एक जोडी जुळत नाही हे धीराने कबूल करणारा मुलगा मिळाला तर पगार थोडा कमी चालेल.

या घराण्याची स्वतःची प्रेमकथा मालिकेत नाही, ती मला जास्त सरस वाटते. नॅन्सी बासने 2005 मध्ये लग्न केलं ते रॉन वायडन यांच्याशी. ते ओरेगॉन राज्याचे सिनेटर. आणि ओरेगॉनच्या पोर्टलंडमध्ये काय आहे, तर पॉवेल्स, चारी बाजूंनी रस्ते असलेला अख्खा ब्लॉक व्यापून बसलेलं पुस्तकांचं दुकान. म्हणजे पूर्वेच्या दुकानाची लेक पश्चिमेच्या दुकानाच्या गावात दिली. जुन्या काळी राजघराणी असे संबंध करायची, लढाया टळाव्यात म्हणून.

मालिकेचं चित्रीकरण झालं 2019 च्या अखेरीला, आणि ती दिसली 2020 च्या 10 नोव्हेंबरला. मधल्या काळात जगाचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. पडद्यावर स्ट्रँडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, पोरं एकमेकांच्या खांद्यावरून फळ्या धुंडाळताहेत. खऱ्या स्ट्रँडमध्ये उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ 70 टक्क्यांनी घसरलेलं, बरीच माणसं कामावरून कमी केलेली. ऑक्टोबरच्या शेवटी मालकीणबाईंनी जाहीर विनवणी केली, दुकान वाचवा. आणि त्या शनिवार-रविवारी 25,000 ऑर्डरी आल्या, वेबसाइट कोसळली, बाहेर रस्त्याला वळसा घालून रांग लागली. इतकी वर्षं ज्यांनी तिथे नुसतं उभं राहून पानं उलटली, कोणावर तरी डोळा ठेवला, पाऊस थांबायची वाट बघितली, अशांनी बहुधा थकबाकी भरली.

त्याच वर्षी नॅन्सीबाईंनी अ‍ॅमेझॉनचे शेअर घेतल्याचंही उघड झालं. नवरा सिनेटर असल्यामुळे घरातली खरेदी जाहीर करावी लागते. कामगार संतापले, आणि ते बरोबरच होतं. मला मात्र ‘यू हॅव गॉट मेल’ आठवला. त्या नायिकेनेही शेवटी हेच केलं होतं, आपलं दुकान गिळणाऱ्याशी नातं जोडलं. आपण त्याला प्रेम म्हणून टाळ्या वाजवल्या आणि हिला बोल लावले, कारण हिने पावती ठेवली.

आपल्या मुंबईलाही एक स्ट्रँड होतं. याचं नाव लंडनच्या रस्त्यावरून नाही, कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमावरून आलं. टी. एन. शानभाग यांनी 1948 मध्ये त्या थिएटरातच एक छोटा स्टॉल मांडला आणि मग तो फोर्टात आला. तरुणपणी एका दुकानात पुस्तक चाळताना त्यांना कोणीतरी झिडकारलं होतं, तेव्हापासून मनात होतं की आपलं दुकान असं काढायचं जिथे कोणीही पुस्तक हातात घेऊन बघावं, असं सांगतात. शानभागांना 2003 मध्ये पद्मश्री मिळाली, 2009 मध्ये ते गेले. दुकान 2018 च्या फेब्रुवारीत बंद झालं. त्याच्या शेवटच्या दिवसांत उसळलेली गर्दी आधीच्या चार वर्षांत आली असती तर ते बंद झालं नसतं, असं गर्दीतलेच लोक एकमेकांना सांगत होते.

त्या जागेत प्रेम जमायला अडचण होती ती आकाराची. मजला अठरा मैलांचा नव्हता. कुणाच्या बाजूने जायचं तर आधी “एक्स्क्यूज मी”, मग पोट आत, मग दप्तर वर. दोन माणसं एका फळीसमोर उभी राहिली की ती आपोआप जवळ यायची, तिसऱ्याला वाट द्यायला. डॅश आणि लिली इथे वही लपवून एकमेकांना टाळूच शकले नसते. पहिल्या भागाच्या सातव्या मिनिटाला पायावर पाय पडून मालिका संपली असती.

स्ट्रँडचा खरा मोसम वेगळाच असायचा, चर्चगेटजवळच्या सुंदराबाई हॉलमधला वार्षिक सेल. लांबच लांब टेबलं, पाठ वर करून ठेवलेली पुस्तकं, भरघोस सवलत, आणि मुंबईभरातून आलेली माणसं. पारशी बावाजी, बोरीबंदरला उतरून आलेली कॉलेजची मल्याळी आणि गुजराती पोरं, वांद्र्याच्या कॅथलिक शिक्षिका, लोकलच्या पासात पैसे जपून ठेवणारे डोंबिवलीकर. वेगवेगळ्या माणसांची भरती करायला इथे कोणाला यादी काढावी लागली नाही, सवलतीने ते काम केलं. प्रेमं तिथेही व्हायचीच. माझ्या माहितीतली दोन तिथली आहेत, आणि दोन्हींमध्ये वाद झाला होता तो एकाच उरलेल्या प्रतीवरून.

लग्न झालेली जोडपी मात्र आत शिरताच वेगळी व्हायची. हे भांडण नाही, ही लोकलवाल्या शहराची रीत. एकाने आधी बिलाची रांग धरायची, दुसऱ्याने पुस्तकं गोळा करत सुटायचं. रांग पुढे सरकते, नंबर येतो, पण पुस्तकांचा पत्ता नाही. मग रांगेतला गृहस्थ बाजूला होऊन मागच्याला सांगतो, “तुम्ही जा पुढे. आमचं माणूस यायचंय अजून.” हे चार-पाच वेळा होतं. प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे. शेवटी ते माणूस येतं, घामाघूम, हनुवटीपर्यंत पुस्तकांची चळत, आणि सगळ्यात वर बाराशे पानांचा सोव्हिएत बुद्धिबळाचा इतिहास.

“अगं, आपल्याकडे पटसुद्धा नाही.”

“पन्नास टक्के आहे. पट नंतर घेऊ.”